त चा पाय

साकाताच्या बंदरामागे त्यांच्या वडिलांचा हमामखाना होता,
दोन हौदांचा. एक बायांचा, एक पुरुषांचा,
मधली भिंत छतापर्यंत न पोचलेली.
कुसाकाबे म्हणायचे, मला संगीत त्या फटीतून मिळालं.
पलीकडे आई केस धुता धुता गुणगुणायची,
अलीकडे तो स्वर यायचा
फरशांवर आपटून, ओला, दुप्पट मोठा होऊन.
पुढे युरोपातल्या कुठल्याही उंच देवळाने
त्यांना फारसं दिपवलं नाही.
"वाफ कमी आहे इथे," एवढंच.

ग्रोनिंगनजवळच्या एका खेड्यात, पहिल्याच रविवारी,
ऑर्गनच्या माडीवर जाताना त्यांनी जिन्यात बूट काढले.
टाचा जुळवलेल्या, टोकं दाराकडे.
खालचे स्वर मोज्यांनीच वाजवले.
म्हातारे ऊस्टरहौस हसले नाहीत.
उतरताना कुसाकाबेंनी पाहिलं,
आपल्या बुटांशेजारी आणखी एक जोड,
तशीच, टोकं दाराकडे.

सेन्दाईला परतले तेव्हा सगळं अर्ध्या स्वराने खाली आणलं त्यांनी,
वाद्यं, आम्हाला, स्वतःचं बोलणंसुद्धा.
आम्ही म्हणजे बँकेतले कारकून, दोन परिचारिका,
निवृत्त झालेला एक फेरीबोटवाला, टोफू करणारा ओनोदेरा.
आमच्या भाषेत शब्द दार उघडं टाकून संपतो,
उंबऱ्यात एखादा ओ, एखादा उ ताटकळत असतो,
फार तर एक घुमणारा न.
'नाख्त' आम्ही 'नाहातो' म्हणायचो
आणि जर्मन रात्र काही केल्या संपायची नाही.
अख्खा जानेवारी त्यांनी एकच करून घेतलं:
त चा पाय मोडणं.
"मेणबत्ती विझवा. धूर नको."
सगळ्यात आधी जमलं ओनोदेराला.
पहाटे चारच्या गार पाण्यात
सुरी कुठे थांबवायची, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

मी त्यांच्या डाव्या हाताला उभी असे,
स्टॉप ओढायला, पानं उलटायला. एकोणतीस वर्षं.
त्यांची भुवई हलली की बासरी,
श्वास अडला की तुतारी.
ब्रेमेनला रेडिओवरच्या बाईने विचारलं,
हे संगीत तुमचं कसं काय?
ते इतका वेळ गप्प बसले की तंत्रज्ञाने सुया तपासल्या.
मग म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या
शेजारी तुम्हीही राहत नाही."

जुन्या जुळणीत एक पंचम असतो, त्याला लांडगा म्हणतात.
बाकीचे गोड राहावेत म्हणून
सगळा कडूपणा त्या एकाच्या गळ्यात ओततात,
आणि मग आयुष्यभर त्याच्या वाटेला जात नाहीत.
हे ते फार सुंदर समजावून सांगत.
त्यांच्या घरात लांडगा कोण, हे आम्ही कुणी विचारलं नाही.
मुलगा ओसाकाला लिफ्ट दुरुस्त करतो, एवढं माहीत होतं.
एकदा आला होता. मागच्या खांबाशी उभा राहिला,
शेवटचा त पडायच्या आत निघून गेला.

बोटं गेली तेव्हा पाय उरले होते.
शेवटचे दोन हिवाळे आम्ही एकाच बाकावर बसलो,
हात माझे, पाय त्यांचे.
खालून येणारा तो जाड, सावकाश स्वर,
आणि वर मी, हातावर पोट असल्यासारखी धावणारी.
चुकले तर म्हणायचे, "थांबू नका, मी आहे खाली."

मार्चमध्ये मुलगा आला, तेरुहिसा, सामान न्यायला.
मी ऑर्गनचे बूट कागदात गुंडाळून दिले.
"माझ्या मापाचे नाहीत," म्हणाला, परत ठेवले.
मग विचारलं, "ह्याला हवा कुठून येते?"
मी मागचं दार उघडलं. तो वाकून आत गेला,
भात्यावर तळहात ठेवून बराच वेळ
काहीच बोलला नाही.
मी एक पट्टी दाबली. सोडली.
आतून त्याचा आवाज आला,
"इथला एक बोल्ट ढिला आहे,"
आणि खिशातून पाना काढल्याचा.