उच्छ्वास

पहिल्या पानावर आम्ही सगळंच ओतलं होतं:
आपोआप सरकणारे अकरा फोटो,
जांभळ्यावर पिवळी अक्षरं,
कोपऱ्यात गरगर फिरणारा शनिवारवाडा,
आणि मार्गदर्शकांचं नाव, पदव्यांसकट, तीनदा.
विषय होता पेठांतले हौद.
हौद मात्र सातव्या पानावर.

ढमालेनं चार रात्री जागून ते बांधलेलं,
त्यामुळे त्याच्या डोळ्यांकडे बघून
कोणी काही बोलेना.

अप्पा बळवंत चौकात प्रती काढताना
झेरॉक्सवाल्या अत्तारकाकांना मी सहज म्हटलं,
बघता का जरा?
त्यांच्या फोनची काच डावीकडून तडकलेली.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी
अंगठ्यानं वर ढकललं, खाली ओढलं,
कुठलासा बाण दाबला, पुन्हा पहिल्या पानावर आले.
"बोहरी आळीमागचा आमचा हौद कुठंय यात?"
आहे ना काका. संशोधन, मग विभाग दोन, मग परिशिष्ट...
"अगं, मला सापडत नाही,
तर तुम्ही शोधला कशाला?"
मशीनच्या झाकणाखालून उजेडाची पट्टी
गेली, आली, गेली.

रात्री जुन्या टिपणवह्या काढल्या.
कात्रजच्या तलावापासून पेठांपर्यंत
जमिनीखालून नळ आला, त्याला जागोजाग
दगडी उच्छ्वास ठेवलेले:
हवेला वाट, गाळ काढायला माणूस उतरेल इतकी जागा.
अक्षर माझंच होतं.
लिहिलं होतं मी, वाचलं नव्हतं.

मग पुसायला बसलो.
शनिवारवाडा थांबवताना ढमाले म्हणाला, तूच दाब,
आणि पाणी प्यायला उठून गेला.
राहिला एक नकाशा. पेठेवर बोट ठेवलं
की तिचे हौद, हौदावर ठेवलं की त्याचं पान.
पांढऱ्यावर काळी अक्षरं, उन्हातही दिसतील अशी.
वर एक बारीक ओळ: कुठून आलात, कुठे आहात,
परत कसं जायचं.
फोटो एकेकच, खाली तारीख आणि काढणाऱ्याचं नाव.
आणि ओळींच्या मधे, कडेला,
काहीही नसलेली जागा,
जी ठेवायला सगळ्यांत जास्त भांडावं लागलं.

परीक्षकांनी शेरा दिला: मांडणी नीटस,
पण पान जरा रिकामं वाटतं.
बक्षीस हलत्या झुंबरांच्या एका प्रकल्पाला गेलं.

अत्तारकाकांनी दोन टिचक्यांत हौद गाठला.
तडकलेल्या काचेतून बराच वेळ बघत राहिले.
गिऱ्हाईक खोळंबलं.
"ही मागची बाजू आहे," ते म्हणाले,
"पुढून तीन पायऱ्या होत्या. मधली हलायची."

ती ओळ मी त्या रिकाम्या जागेत लिहिली.
खाली त्यांचं नाव.
तेवढ्यापुरतीच जागा लागली.