हातातलं सामान

कुताइसीच्या विमानतळावर पहाटे साडेतीनला
माझ्या पडद्यावरून सगळ्या बॅगा पेंगतच जातात :
बूट, चार्जर, वाइनची बाटली
(काढा ती बाहेर, काढा),
पुन्हा बूट.

मग पट्ट्यावरून एक शहर आलं.
निळ्या भिंती, हिरव्या गल्ल्या,
मधोमध पंख्याचं गोल मैदान,
तारांचे रस्ते एकमेकांत गुंतलेले,
आणि एका कोपऱ्यात, जिथे काहीच असायला नको,
नारिंगी डाग.

आमच्या यंत्राला नारिंगी दिसतं ते
कधीकाळी जिवंत असलेलं :
पाव, चामडं, लाकूड.
स्फोटकंही नारिंगीच दिसतात.
मी पट्टा थांबवला.

तोर्निके ग्वेलेसियानी, वय तेवीस, ग्दान्स्कला चाललेला.
"कम्प्युटर आहे," म्हणाला,
जणू मला ती शेळी वाटली असती.
"लॅपटॉप नाही मिळाला?"
"हा मी जोडलाय. चार वर्षं.
बातुमीत फरश्या बसवल्या, तेव्हा रॅम आली.
हा पंखा चुलतभावाच्या लग्नातला आहेर."
"मग खाली सामानात का नाही दिलास?"
"खाली फेकतात."

खाली कोण फेकतं ते मला ठाऊक आहे.
माझा नवरा फेकतो.
मी काही बोलले नाही.

पेचकस तो घरीच ठेवून आला होता,
आम्ही जप्त करू म्हणून.
खिशातून वीस तेत्रीचं नाणं काढलं,
स्क्रूच्या खाचेत बसवलं, फिरवलं.
एक बाजू दारासारखी निघून आली.
आत धूळ, मांजराचे पांढरे केस,
आणि डिस्कच्या रिकाम्या कप्प्यात
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं.

त्याचे कान लाल झाले.
"देवाशपथ, हे मी नाही ठेवलं."

उलगडलं. आंबट आलुबुखारांची पोळी,
उन्हात वाळवलेली, इतकी पातळ
की तिच्यातून मला छताचा दिवा दिसला.
कागदाच्या कडेला पेन्सिलीने :
*वाटेत खा. पंख्याला लागू देऊ नकोस.*

कुठला कप्पा रिकामा असतो
हे त्या बाईला कुणी सांगितलं असेल?
चार वर्षं चहा घेऊन
त्याच्या पाठीमागे उभी राहिली असेल,
एवढंच.

मी फडकं फिरवलं, यंत्रात घातलं.
यंत्राने विचार केला. हिरवा दिवा.
मागे रांगेत कुणीतरी मुद्दाम खाकरलं.
पोराने एक तुकडा तोडून पुढे केला.
नियमात बसत नाही. घेतला नाही.
हातमोजे बदलले, तरी वास
ड्यूटी संपेपर्यंत नाकाशी होता.

काचेपलीकडे, गेटजवळ,
बॅगा मापायचा तो लोखंडी सांगाडा.
त्याचं शहर दोन बोटं उंच भरलं.
खाली बसला गडी, पुन्हा तेच नाणं,
चारही रबरी पाय काढले, कोटात टाकले,
आणि गुडघ्याने दाबून बसवलं एकदाचं.
गेटवरच्या पोरीने टाळी वाजवली.
अर्धीच वाजवली, मग वरिष्ठांकडे पाहिलं.

सातला ट्रे पुसताना सापडला
एक स्क्रू. काळा, हरभऱ्याएवढ्या डोक्याचा.
हरवलेल्या वस्तूंच्या वहीत लिहिलं : स्क्रू, एक.
साहेब हसले. खोडलं.

मार्च संपत आला.
गणवेश धुवायला टाकताना तो खिशातून काढते,
धुतलेल्यात पुन्हा ठेवते.
विचारायला कुणी येणार नाही, हे कळतं मला.
तिकडे रात्री पंखा जोरात फिरला की
एक बाजू खडखडत असेल,
शेजारचा भिंत ठोकत असेल
पोलिश भाषेत.