रकाना नऊ

तुर्भे एमआयडीसीत, खोदून खोदून अर्ध्या उरलेल्या डोंगराला
पाठ टेकून बसलंय सर्व्हिस सेंटर.
काचेच्या अलीकडे एसी आणि फुकटची कॉफी.
पलीकडे लिफ्टवर माझी गाडी,
चारही पाय लोंबकळत,
डॉक्टरकडे बखोटीला धरून नेलेल्या मांजरासारखी.

क्लच जळलाय.
वास इथपर्यंत येतो, करपट, थोडा गोडसर.
सुदेश मोकल फॉर्म पुढे सरकवतो.
रकाना नऊ: वाहन शर्यतीत, ट्रॅकवर
अथवा तत्सम ठिकाणी चालवले आहे काय?
होय. नाही. दोन चौकोन, मुंगीच्या घराएवढे.

मोकल आवाज खाली आणतो.
"मॅडम, नाहीवर टिक करा. सगळेच करतात.
तुमच्याकडे बघून वरून कोणी विचारणारही नाही."

माझ्याकडे बघून म्हणजे
त्रेपन्न वर्षं, सुती साडी, वाचायचा चष्मा.
एकोणतीस वर्षं सहकारी बँकेत
मी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले.
कधीच न विकत घेतलेल्या म्हशी
कागदावर रोज अकरा लिटर दूध द्यायच्या.
मी त्यांना लाल पेनाने गोल करायचे
आणि चहाला जायचे.
खोटं कसं दिसतं ते मला ठाऊक आहे.
ते फार सुवाच्य असतं.

आणि खरं सांगायचं तर
मीही 'नाही' ठरवूनच आले होते.
टोइंगवाल्याच्या शेजारी बसून, सानपाड्याच्या पुलावर
तालीमही केली होती मनात:
नेरूळ ते वाशी हो, दुसरं कुठे जाणार मी?
दारावरचा सतरा नंबरचा स्टिकर
आदल्या रात्री पार्किंगमध्ये थिनरने घासला.
कागद निघाला, चिकटा राहिला.
धूळ बसून सतरा पुन्हा उमटले.
ब्रेकच्या डिस्कवर निळी झाक, टायरच्या कडांना रबराची गोळाबेरीज,
शिवाय गाडीच्या पोटात एक डबी असते म्हणे,
तिला सगळं आठवतं.

पण डबीला घाबरून नाही.
पेन टेकवलं आणि वाटलं,
इथे नाही लिहिलं तर
तो रविवारच नाही.
घाटापलीकडचा तो ट्रॅक नाही,
उसन्या हेल्मेटात घुमणारा माझाच श्वास नाही,
तिसऱ्या वळणावर ब्रेक उशिरा दाबला
(जन्मभर सगळीकडे वेळेआधी पोचणारी मी,
मुद्दाम उशिरा)
तेही नाही.
कंपनी मला एक क्लच देईल
आणि बदल्यात अकरा फेऱ्या घेऊन जाईल.
असला व्यवहार मी बँकेत
कधी मंजूर केला नसता.

होय.
खाली तारीख टाकली. फेऱ्या, अकरा.
पुढे, गिचमिड अक्षरात:
सुरुवातीच्या रेषेवर क्लच अर्धा दाबून इंजिन ओरडू दिले.
दोनदा. चूक माझी.

मोकल बराच वेळ वाचत राहिला.
मग कॅल्क्युलेटर ओढला.
"एक्क्याऐंशी हजार चारशे. जीएसटी वेगळा."
थांबून म्हणाला,
"मागच्या खिडकीची मोटर मात्र वॉरंटीत बसवतो.
खिडकीचा आणि ट्रॅकचा काय संबंध?"
खिडकीचं मी विसरलेच होते.

घरी अजून सांगायचंय.
तिथे रकाने नसतात, सरळ तोंडीच परीक्षा.

निघताना तो काचेच्या दारापर्यंत आला,
इकडेतिकडे बघत.
"मॅडम, लॅप केवढ्याचा बसला?"

दोन मिनिटं, नऊ पॉइंट सहा.

पॉइंट सहा कुणाला दिसणार होते?
सरळ दोन नऊ म्हणता आलं असतं.
खरा मोह
तिथे झाला.