आकडा सांगितल्यावर

पत्त्यांची पेटी तुझ्या टेबलावर ठेवली, काझुआ,
तर तू आधी ती हातात तोलून पाहिलीस,
बाजारात भोपळा तोलतात तशी.
एकतीस वर्षं आहेत आत. सगळी पेन्सिलीत,
कारण माणसं बदलतात.

संगणकात आहे की सगळं, तू म्हणालीस.
आहे. रक्कम आहे, तारीख आहे.
पण टॉर्गर्सनबाई दर डिसेंबरात अकराच डॉलर पाठवतात,
दहा नाही, बारा नाही.
त्यांचा भाऊ ज्या रात्री आपल्या दारात आला
तेव्हा डुलुथमध्ये उणे तीस होतं,
आणि त्याला मिळालेली खाट अकरावी होती.
हे कुठल्या रकान्यात बसवशील?
त्यांच्याकडे वाढवून मागू नकोस.
ज्या वर्षी पाकीट येणार नाही
त्या वर्षी मागायला नको, बघायला जा.

मला हे औनेनं शिकवलं. तिचे गुडघे गेले होते तोवर.
उताराच्या रस्त्यांवर, बर्फात, माझा दंड धरून चालायची
आणि दारापाशी पोचलो की सोडायची.
शब्द टाकायचा तर असा टाक, म्हणायची,
की उचलणाऱ्याला वाकावं लागू नये.
आकडा सांग. मग तोंड मीट.
समोरच्याच्या सदऱ्याची बटणं मोज.
संपली तर पुन्हा वरून मोज.

तुलाही तेच सांगितलं. तू नुसती हसलीस.
सेंट पॉलच्या बाजारात, आईच्या मोहरीच्या पाल्यामागे उभी राहून
नवव्या वर्षीच तू भाव सांगून गप्प बसायचीस,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

खाली बंदरात, क्विस्टच्या ऑफिसातून
एकोणीस वर्षं मी पाच हजार आणत होते.
गाडीत आपलं ठरलं होतं: आठ मागायचे.
तू बॉयलरचं सांगितलंस,
जागा नाही म्हणून दारातून परत पाठवलेल्यांचं सांगितलंस,
त्यांची संख्या नाही, नावं,
आणि म्हणालीस, चाळीस.

खिडकीबाहेर गोठलेलं सरोवर, त्यात अडकून पडलेलं खनिजाचं जहाज.
टेबलाखाली त्याचा म्हातारा कुत्रा झोपेत पाय हलवत होता.
मी बटणं मोजली. सहा.
चौथं वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं,
आणि मला वाटलं, बायको गेल्यावर स्वतःच शिवलं असेल,
आणि माझ्या तोंडून निघून गेलं:
म्हणजे, हप्त्यानंही चालेल, जमेल तेवढं, आठसुद्धा…

आठ, तो म्हणाला. सुटल्यासारखा.

तू बराच वेळ गाडीची किल्ली फिरवली नाहीस.
रागावली असतीस तर बरं झालं असतं.
तो हो म्हणाला असता, किंवा नाही म्हणाला असता, म्हणालीस,
पण ते त्याचं होतं.

भीड भिकेची बहीण,
आणि मी तिला एकतीस वर्षं माया म्हणत आले.

दुसऱ्या दिवशी क्विस्टचं कार्ड काढून पाहिलं.
माझ्या अक्षरातल्या एकोणीस ओळींखाली तुझी एक,
पेन्सिलीतच:
आठ. आर्लिस बोलली.
खोडरबर खणात होतं. खण मी उघडला,
आणि लावून टाकला.

आज तू हॉफस्टाडांच्या घरात, मी बाहेर गाडीत.
काच आतून धुरकटते, बाहीनं पुसते.
त्यांच्या खिडकीत तुझी पाठ दिसते, समोर एक पांढरं डोकं,
आणि कुणीच बोलत नाहीये,
इतक्या लांबूनही कळतं.
हीटर बंद केला, त्याचा आवाज तिकडे जाणार नव्हता तरी.
माझ्या कोटाला सात बटणं आहेत.
पुन्हा वरून.