वडूज

एकतीस वर्षं सातारा स्टँडच्या काचेच्या खोलीत
माझ्या पुढ्यात माईक होता आणि मागं भिंत.
कोरेगाव, रहिमतपूर, दहिवडी, म्हसवड,
गावांना मी नावानं हाका मारल्या, तीनतीनदा,
आणि प्रत्येक हाकेसरशी
कुणीतरी पिशवी उचलून निघून गेलं.
तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं.

निवृत्तीच्या आठवड्यात हे पिल्लू सापडलं,
वडूज गाडीच्या मागल्या चाकाला
अंग टेकून झोपलेलं.
कंडक्टर म्हणाला, साहेब, गाडी हलवू कशी?
म्हणून याचं नाव वडूज.

आता गोडोलीत आमच्या गल्लीत मी ओरडतो,
"वडूज, ये! वडूज, ये! वडूज!"
तर दूधवाला गाडी थांबवून विचारतो,
"कुठली लागलीय, साडेसहाची का?"
आणि वडूज गटाराच्या कडेला
भेळेचा कागद चाटत बसतो.
एक कान उभा, एक पडलेला,
दोन्ही माझ्याविरुद्ध.

शेजारच्या मुलाण्यांची निलोफर, आठवीतली,
कठड्यावर बसून सगळं बघत होती.
"काका, तीनदा सांगू नका. ते स्टँडवर.
तीनदा सांगितलं की त्याला वाटतं
पहिल्या दोन मोजायच्याच नसतात."
मग जरा थांबून:
"आणि त्या दिवशी 'ये' म्हणालात, तो आला,
तर नळाखाली धरलंत.
परवा 'ये' म्हणालात, आला,
तर सुई टोचायला नेलंत.
तो शब्द नासला आता. दूध नासतं तसा.
ओतून द्या. दुसरा घ्या."

दुसरा कुठून आणायचा?
रात्रभर शोधला.
माझ्याकडं होतं ते सगळं
लागण्याचं, सुटण्याचं, उशिरानं धावण्याचं.
प्रवाशांनी कृपया. फलाट क्रमांक.
कुत्र्याला देण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सकाळी फिरून आलो, शालननं दार उघडलं,
आणि वळता वळता म्हणाली, "आलात?"
दुसऱ्या पाळीहून रात्री साडेबाराला यायचो
तेव्हाही हेच.
झोपेतच कडी काढायची, एकदाच, "आलात?"
प्रश्न नसायचाच तो. मी समोर उभा असायचो.
इतकी वर्षं त्याला मी शब्दात धरलंच नव्हतं.

तर मग आम्ही "आलास?" वर सुरुवात केली.
दोन पावलांवरून. भाकरीचा तुकडा,
तो तोंडात पडला की मान खाजवायची,
धरायचं नाही.
मग अंगणाच्या टोकावरून,
मग निलोफरच्या जिन्याखालून.
आंघोळीला आता मीच उठून त्याच्याकडं जातो,
पायजमा भिजतो, शालन बोलते, चालतं.

काल चार भिंतींच्या चढावर
कुणाच्या तरी शेळ्या दिसल्या आणि वडूज सुटला.
खाली साताऱ्यात दिवे लागत होते,
स्टँडवरून पुसट आवाज येत होता,
माझ्या जागेवर आलेल्या मुलीचा. तीनतीनदा.
मी एकदाच म्हणालो, "आलास?"
आणि गप्प राहिलो.
गप्प राहायचं मला नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं.
शेळ्या पांगल्या. त्यांचा मालक काहीतरी बोलला,
योग्यच बोलला.
मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं,
आणि मिटलं.

गवतातून आधी तो उभा कान दिसला,
मग पडलेला,
मग अंगभर कुसळं लागलेला सगळा वडूज,
सरळ येऊन माझ्या चपलेवर बसला.
खिशात हात घातला तर तुकडे संपलेले.
त्यानं मोकळा हात हुंगला. पुन्हा हुंगला.
सुट्टे नसले की कंडक्टर
तिकिटामागं लिहून देतो, तसं
मी त्याच्या कपाळावर बोटानं लिहिलं,
एक तुकडा बाकी.
घरी गेल्या गेल्या फेडला.