एक ग्रॅम

तुर्भ्याच्या मार्केटातून हसुराम
करवंट्यांचं पोतं आणतो, दर गुरुवारी.
"आमच्याकडं ह्या चुलीत जातात, म्याडम,"
म्हणत रजिस्टरवर सही करतो.
आमच्याकडेही चुलीतच जातात, हसुराम.
फक्त चूल आठशे अंशांची, आत हवा नाही,
नुसता नायट्रोजन,
त्यामुळे बिचारीचं जळायचंही राहून जातं.

महापे, तिसरा मजला. खाली गॅस्केटचा कारखाना.
त्यांची प्रेस पडली की माझा तराजू थरथरतो,
म्हणून वजनं करायची ती त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.

"कोळसा उगाळावा तितका काळाच" –
आई हे धाकट्या मामाबद्दल म्हणायची,
तो पुन्हा पैसे मागून गेला की.
मी नऊ वर्षं उगाळते आहे.
काळाच आहे, खरं.
पण तापवून वाफ सोडली की आतून उघडतो:
भोकं, भोकांत भोकं, बोळ, पोटमाळे.
एका ग्रॅममधल्या सगळ्या भिंती सोलून अंथरल्या
तर कबड्डीची सात मैदानं.
एवढंसं, कागदावर. शिंक आली तर गेलं.

(मागच्या खेपेला तीनच भरली.
वाफ कमी पडली की करवंट्या जुन्या होत्या,
अजून कळलेलं नाही.)

अणू तोच, चार हातांचा.
चारही हात चहूकडे घट्ट धरले
तर काचवाल्या इद्रिसच्या कटरचं टोक.
तिघांनीच सपाट धरले तर पेन्सिल,
चिकटपट्टीनं सोलत बसलं तर
शेवटी एकच थर, एका अणूच्या जाडीचा.
साठ जणांनी फेर धरला तर चेंडू.
आणि कुणी कुणाचं नीट धरलंच नाही,
तर काजळी.

काजळी बाबांची. रबाळ्याच्या कारखान्यात,
टायरांसाठी, एकतीस वर्षं.
त्यांच्या कपड्यांची बादली वेगळी,
तिसऱ्या पाण्यानंतरही काळी.
रविवारी पेपरावर नखं कापत:
काळ्या काठाच्या दहा चंद्रकोरी.
मी बारावीत ग्रेड विचारली तेव्हा म्हणाले,
"काजळी मोजायची नसते गं, झटकायची असते."

एका शनिवारी त्यांना प्रयोगशाळेत आणलं.
जिना चढताना दोनदा थांबले.
बाटलीत निळं पाणी, रंगाच्या नाल्यासारखं.
चिमूटभर टाकलं, हलवलं, गाळलं.
त्यांनी बाटली खिडकीकडे धरली:
"निळं गेलं कुठे?"
मैदानांचा हिशेब सांगितला.
खोलवर शिरतं, बाबा, आणि भिंतीला धरून बसतं.
सुटत नाही सहजी.

बराच वेळ बाटली हातातच होती.
मग खोकले, रुमाल बघितला, घडी केला.
"म्हणजे माझ्या छातीतही
असतील दोन-चार मैदानं."

खाली जेवणाची सुट्टी संपली,
प्रेस पडू लागली.
तराजूवर काहीच नव्हतं,
तरी शेवटचा आकडा हलत होता,
चार, सात, चार.