टपाल

रेसच्या पुस्तकात त्याचं नाव ऑक्टोबर मेल.
एकोणीस शर्यती, दोनदा तिसरा,
उरलेल्या सगळ्या गर्दीत.
मी त्याला टपाल म्हणते.
नाव बदलल्याचं त्याला काही वाटलं नाही,
गुळाचा खडा तोच होता.

भुलेश्वराच्या डोंगरामागच्या माळावर
पहिल्यांदाच तो उघड्यावर रात्र काढणार होता.
आठ वर्षं डोक्यावर पत्रा, समोर अर्धं दार
आणि दाराबाहेर इस्माईलचं खोकणं.
इस्माईल हल्ली बुलढाण्याला, लेकीकडे.
फोनवर सांगतो, बाई, अंधारात बोलत राहा,
काय बोलता त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

हातोडा घरीच राहिला. तंबूच्या खुंट्या दगडाने ठोकल्या,
दोन वाकल्या.
चंदी भिजवली, खरारा केला,
खुरांतले खडे काढले चमच्याच्या दांड्याने,
आणि बाभळीला दोर बांधला, वीस हात.
वायव्येला पुण्याचा उजेड,
चूल विझवायची कुणी विसरल्यासारखा.

शेजारच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या.
वाघरीच्या कडेला धनगरांची घोडी,
बुटकी, पोटाशी भुरी.
तिच्या पाठीवरून एकेक उतरत होतं :
बाज, दोन हंडे, कोंबड्यांची पाटी,
तापाने फणफणलेलं एक पोर,
आणि त्याच दिवशी जन्मलेलं कोकरू,
अजून ओलं.
सगळं उतरलं, तरी घोडी जागची हलली नाही.
ना दोर, ना खुंटी.
हिला बांधत नाही? मी विचारलं.
म्हाकूबाई हंड्यात हात घालून काहीतरी शोधत म्हणाली,
जातीया कुठं? घर तिच्याच पाठीवर असतंय की.
नाव काय हिचं?
नाव कशाला? हाक मारायच्या आत येती.

रात्री दोनला दोर करकरला.
विजेरी घेऊन गेले.
टपाल झाडाभोवती फिरत राहिला होता,
उजवीकडे, सारखा उजवीकडेच,
तिथल्या मैदानाने शिकवलं होतं तेवढंच.
दोर संपला होता.
नाक बाभळीच्या सालीला टेकलेलं,
कान मागे, छातीवर फेस,
पौषातल्या थंडीत वाफाळत होता.

डावीकडे चल, म्हटलं. बाबा, डावीकडे.
मानेला खांदा लावला, पुठ्ठ्यावर थापटलं,
इस्माईलची आठवण होऊन बोलत सुटले :
गॅसचा नंबर, कपाटाची किल्ली,
बहिणीशी चार वर्षं अबोला आहे ते,
तोही आधी माझ्याकडूनच, हे कुणाला नव्हतं सांगितलं.
तो ऐकत होता. वळत नव्हता.

मग मी गाठच सोडली.
हायवे सात किलोमीटर, हे माहीत असून.
दोर पायाशी पडला,
आणि टपाल तसाच उभा,
नाक सालीला,
सुटल्याचं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.
मी घोंगडी ओढून खाली बसले.
बराच वेळ आम्ही दोघंही बांधलेले.

डोळा लागला असावा.
जाग आली तेव्हा बाभळीखाली फक्त लीद.
धावत वाघरीपाशी गेले,
तर तो घोडीशेजारी,
तिच्यापेक्षा दीड हात उंच, आणि तरी
शाळेत नवीन आलेल्या मुलासारखा.
म्हाकूबाई चुलीत काटक्या सारत म्हणाली,
पहाटंच आलाय. पावणा हाय तुमचा? लाजतोय.

उन्हं वर यायच्या आत त्यांचं बिऱ्हाड लादून झालं.
पोराचा ताप उतरला होता, ते कोकरासाठी भांडत होतं.
घोडी निघाली, मागे न बघता.
टपाल एकदा खिंकाळला,
घोडी थांबली नाही, नुसता एक कान मागे वळला.
मागे उरले तीन काळे दगड
आणि कोंबडीचं एक पीस.

परतीच्या वाटेवर, फाट्याला, डावीकडे वळायचं होतं.
त्याने ऐकलं नाही.
ज्वारीच्या बांधावरून उजवीकडे, पुन्हा उजवीकडे,
विहिरीला वळसा घालून परत उजवीकडे,
आणि समोर आमचीच वाट.
राखणीला बसलेला म्हातारा गोफण मांडीवर ठेवून
बघत राहिला.
रस्ता चुकला का बाई?
नाही, म्हटलं, आम्ही असेच येतो.